शब्द, चित्र आणि त्यांच्यामधली जोड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वाचलेलं दोन दिवसांत उडून जातं, आकृत्या आणि चित्रं मात्र बऱ्यापैकी आठवतात. मग मेंदू शब्द आणि चित्रं एकत्र घेऊन नेमका कसा शिकतो? आणि आपण ‘चित्रांतून शिकणारे’ आहोत असं धरून सगळा अभ्यास चित्रांवरच न्यावा का? मी बरीच वर्षं विज्ञानाचे सचित्र पाठ तयार करते आणि शिकवतेही, त्या अनुभवाच्या आणि या विषयातल्या संशोधनाच्या आधारे सांगते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पहिल्याचं उत्तर लांब आहे, पण ते कळलं की हे ‘नाही’ आपोआप पटेल.

अ‍ॅलन पेव्हिओ या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दुहेरी संकेतनाचा सिद्धांत सविस्तर मांडला. त्यानुसार मेंदू माहितीची नोंद दोन तऱ्हांनी करतो, एक शब्दांची आणि दुसरी प्रतिमांची. ‘हत्ती’ म्हटलं की शब्द तर नोंदला जातोच, शिवाय बहुतेकांच्या मनात हत्तीचं रूपही उभं राहतं. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या की आठवायला दोन वाटा मिळतात. एक बुजली तरी दुसरीने पोचता येतं. ‘तत्त्व’ किंवा ‘प्रमाण’ या शब्दांना असं रूप चटकन मिळत नाही. म्हणूनच पाठ करायला दिलेल्या यादीतले डोळ्यांसमोर येणारे शब्द जास्त आठवतात आणि अमूर्त शब्द आधी गळतात. हा फरक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसला आहे.

आता दुसरी बाजू. १९७४ मध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यकारी स्मृतीचा आराखडा मांडला. कार्यकारी स्मृती म्हणजे या क्षणी आपण ज्यावर विचार करतोय ते धरून ठेवणारी जागा. ती फार लहान असते. नवी, एकमेकांशी न जुळलेली माहिती असेल तर एका वेळी साधारण चार गोष्टी तिथे टिकतात. बॅडली आणि हिच यांच्या मते या जागेत दोन वेगळे कप्पे आहेत: एक बोलण्या-ऐकण्याचा, जिथे आपण फोन नंबर मनातल्या मनात घोळवतो, आणि दुसरा रूप-जागेचा, जिथे आपण खोलीतलं सामान मनात हलवून पाहतो. दोन्ही कप्पे बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे चालतात. म्हणूनच आकृती बघता बघता कोणी समजावून सांगत असेल तर ते पचतं. आकृती बघता बघता बाजूचा मोठा परिच्छेदही वाचायचा असेल तर मात्र ओढाताण होते, कारण छापील शब्दसुद्धा आधी डोळ्यांतूनच आत जातात आणि डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असतात.

इथे एक गैरसमज लगेच दूर करते. ‘शब्द डाव्या मेंदूत, चित्रं उजव्या मेंदूत’ असं सर्रास सांगितलं जातं. भाषेचा बराचसा भार बहुतेक लोकांमध्ये डावा गोलार्ध उचलतो हे खरं. पण दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात २० कोटींच्या आसपास तंतू आहेत, आणि चित्र ओळखण्याचं काम दोन्हीकडे चालतं. जे दिसतं ते आधी डोक्याच्या मागच्या भागात पोचतं. तिथून ‘हे काय आहे’ याची वाट कानशिलामागच्या भागाकडे जाते, तर ‘हे कुठे आहे’ याची वाट माथ्याकडे. ऐकलेले शब्द कानाजवळच्या भागात उलगडतात. मग हिप्पोकॅम्पस नावाचा, मेंदूच्या आत खोलवर असलेला छोटा भाग एकाच वेळी जागे झालेले हे तुकडे एका अनुभवात बांधतो. शब्द आणि चित्र एकाच वेळी मनात असणं इतकं महत्त्वाचं का, त्याचं कारण मला इथे दिसतं. बांधायचे तुकडे एकत्र हजर नसतील तर बांधणार काय?

दोन्हींच्या खाली एक सामाईक अर्थाचा थर असतो हेही आता बरंच स्पष्ट आहे. अर्थस्मृती हळूहळू नष्ट करणारा एक स्मृतिभ्रंश आहे, त्यात कानशिलांच्या भागाचं पुढचं टोक झिजत जातं. या रुग्णांचे नुसते शब्दच हरवत नाहीत. बदकाचं चित्र दाखवून, ते झाकून, थोड्या वेळाने काढायला सांगितलं तर काही रुग्णांनी बदकाला चार पाय काढल्याची नोंद आहे. ‘बदक’ या शब्दामागचं ज्ञान गेलं तेव्हा बदकाचं रूपही बिघडलं. म्हणजे शब्द आणि प्रतिमा वेगवेगळ्या वाटांनी येतात, पण अर्थाशी पोचल्यावर एकमेकांत गुंतलेल्या असतात. शिकवताना मी याच गुंतण्याच्या मागे असते.

आता तुमच्या अनुभवाकडे येऊ. चित्रं आठवतात हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि ते सगळ्यांच्याच बाबतीत बरोबर आहे. लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांना पाच दिवसांत १०,००० चित्रं दाखवली गेली, प्रत्येक जेमतेम काही सेकंद. नंतर जोड्या दाखवून यातलं आधी पाहिलेलं कोणतं असं विचारलं, तेव्हा सुमारे ८३ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. ओळखण्याची ही ताकद थक्क करणारीच आहे. पण १९७९ मध्ये रेमंड निकरसन आणि मर्लिन अ‍ॅडम्स यांनी अमेरिकन लोकांना त्यांच्या रोजच्या वापरातलं एक सेंटचं नाणं काढायला सांगितलं, आणि बऱ्याच जणांना त्यावरचे साधे तपशील जागेवर ठेवता आले नाहीत. योग्य नाण्यात थोडे फेरफार करून केलेले नमुने शेजारी ठेवले, तरीही अर्ध्याहून कमी लोकांनी खरं नाणं निवडलं.

हे दोन प्रयोग मी नेहमी एकत्र सांगते. पाहिलेलं ओळखणं वेगळं आणि पाहिलेल्यात काय, कुठे, कशासाठी आहे हे माहीत असणं वेगळं. पुस्तकातली आकृती ‘आठवते’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती ओळखीची वाटत असते, इतकंच. परीक्षेत कोरा कागद समोर आला की फरक कळतो.

नुसते शब्दही असेच अपुरे पडतात. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये एक मुद्दाम संदिग्ध लिहिलेला उतारा लोकांना ऐकवला. एकही शब्द अवघड नव्हता, वाक्यं साधी होती, पण ते कशाबद्दल आहे याचा पत्ता लागत नव्हता. एका गटाला आधी एक चित्र दाखवलं होतं: खाली रस्त्यावर गिटार घेऊन उभा असलेला तरुण, वरच्या मजल्यावरच्या खिडकीत त्याची प्रेयसी आणि फुग्यांना बांधून तिच्यापर्यंत वर पोचवलेला स्पीकर. या गटाला उताऱ्यातले मुद्दे चित्र न पाहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त आठवले. तेच चित्र उतारा ऐकून झाल्यावर दाखवलं तर मात्र फारसा उपयोग झाला नाही. शब्द आत येत असताना त्यांना बसायला जागा हवी होती, ती उशिरा मिळून चाललं नाही.

रिचर्ड मेयर यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या विद्यापीठात हाच धागा दशकानुदशकं पुढे नेला. सायकलचा पंप कसा चालतो हे सांगणारं निवेदन आणि हलतं चित्र एका गटाला एकाच वेळी दिलं, दुसऱ्याला आधी निवेदन आणि मग चित्र. माहिती अगदी तीच होती. ‘पंप नीट चालत नाहीये, काय बिघडलं असेल?’ अशा प्रश्नांची उत्तरं मात्र एकत्र पाहिलेल्या-ऐकलेल्यांनी जास्त चांगली दिली. अशा प्रश्नाला पाठांतर पुरत नाही. मनातला पंप चालवून पाहावा लागतो.

हे जवळून बघायला हृदयाची आकृती घेऊ. शाळेत जीवशास्त्र शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने ती काढलेली असते, आणि माझ्याकडे येणारे बरेच विद्यार्थी ती सुबक काढतात. अलिंद, निलय, झडपा, महाधमनी, सगळी नावं जागेवर असतात. मग मी विचारते, ‘डावं अलिंद आणि डावं निलय यांच्यामधली झडप नीट मिटली नाही, तर माणसाला धाप का लागेल?’ बहुतेक जण गप्प होतात. आकृती आहे, नावं आहेत, पण रक्त वाहत नाहीये.

इथे मी आकृतीवर बोट ठेवून बोलायला लावते. रक्त शरीरातून महाशिरांवाटे उजव्या अलिंदात आलं, तिथून उजव्या निलयात, फुप्फुस धमनीतून फुप्फुसांत, फुप्फुस शिरांमधून परत डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात. आता निलय आकुंचन पावलं. रक्त महाधमनीत जायला हवं, पण मागची झडप उघडीच राहिली. मग काही रक्त कुठे गेलं? बोट आपोआप मागे सरकतं: डाव्या अलिंदात, आणि दाब आणखी मागे, फुप्फुसांकडे. ‘म्हणून धाप!’ हे वाक्य मला सांगावं लागत नाही. बोट चित्रावर, तोंडात शब्द, दोन्ही एकाच जागी आणि एकाच क्षणी. शिकणं घडलं ते त्या क्षणी, आकृती सुबक काढली तेव्हा नव्हे.

याच आकृतीत आणखी दोन खाचा आहेत. वाचताना ‘उजवं अलिंद’ असं म्हणतो आणि चित्रात ते कागदाच्या डाव्या हाताला असतं, कारण चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे. हे कोणी स्पष्ट सांगितलं नसेल तर प्रत्येक वाक्यागणिक शब्द एकीकडे आणि डोळा दुसरीकडे जातो, आणि विद्यार्थ्याला वाटतं की विषयच कठीण आहे. दुसरी खाच रंगाची. अशुद्ध रक्त निळ्या रंगात दाखवायची रूढी आहे. पुस्तकात कुठेही ‘हे रक्त निळं असतं’ असं लिहिलेलं नसतं, तरी ते निळं असतं असं मानणारी मोठी माणसंही मला भेटतात. ते असतं गडद लाल. चित्र न बोलता बरंच शिकवतं, आणि त्यातलं चुकीचं असेल तर ते शब्दांनीच खोडावं लागतं.

याचं याहून मोठं उदाहरण म्हणजे ऋतूंची आकृती. पृथ्वीची कक्षा तिरकस कोनातून काढतात, म्हणून ती लांबट अंड्यासारखी दिसते आणि पृथ्वी दोन ठिकाणी सूर्याच्या अगदी जवळ आल्यासारखी वाटते. परिणामी उन्हाळा म्हणजे सूर्य जवळ, हिवाळा म्हणजे सूर्य लांब, ही समजूत घट्ट बसते. प्रत्यक्षात कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे. पृथ्वी सूर्यापासून जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असतानाच सूर्य सगळ्यात जवळ असतो. ऋतू घडतात ते आसाच्या कलामुळे. त्या आकृतीखाली ‘कक्षा तिरक्या कोनातून काढली आहे’ एवढं एक वाक्य असलं तरी पुष्कळ गोंधळ टळेल, असं माझं ठाम मत आहे.

बाण हा माझ्या तक्रारीचा कायमचा विषय आहे. एकाच पानावर एक बाण रक्ताची दिशा दाखवतो, दुसरा नावाकडे बोट करतो, तिसरा ‘नंतर काय घडतं’ हे सांगतो. अन्नसाखळीत बाण खाल्ल्या गेलेल्याकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण तो ऊर्जेचा प्रवास आहे. पण विद्यार्थी तो ‘कोण कोणाला खातं’ असा वाचतात आणि उलटा काढतात. तुमच्या वहीत प्रत्येक बाणाशेजारी एक क्रियापद लिहा: ‘वाहतं’, ‘देतं’, ‘बनतं’. साधी सवय आहे, पण बाणाचा अर्थ पक्का होतो.

नावांच्या जागेबद्दलही सांगायला हवं. आकृतीत १, २, ३ असे आकडे आणि त्यांची नावं खाली किंवा मागच्या पानावर, ही पद्धत अभ्यासासाठी वाईट. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की डोळ्यांची अशी ये-जा कार्यकारी स्मृतीची तोकडी जागा खाऊन टाकते. आकड्यापासून नावापर्यंत जाईतो आकडाच विसरतो. नाव त्या भागाला चिकटून लिहा. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तेव्हा मात्र आकडे उत्तम.

आता ‘मी चित्रांतून शिकणारा’ या समजुतीकडे. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेच्या पुराव्यांचा आढावा घेतला. लोकांना आवड असते, कोणाला आकृती आवडते, कोणाला ऐकणं, यात शंका नाही. पण आवडीप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. कोणत्या मजकुराला चित्र हवं हे मजकूर ठरवतो. हृदय सगळ्यांनाच आकृतीतून कळतं, आणि कवितेची लय सगळ्यांना कानांनीच. ‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के लक्षात राहतं’ असा त्रिकोणही तुम्ही पाहिला असेल. तो एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो. डेल यांच्या १९४६ मधल्या मूळ आकृतीत एकही टक्केवारी नव्हती.

चित्र नेहमीच मदत करतं असंही नाही. विषयाशी सैल संबंध असलेली, मन रमवणारी सजावट लक्ष पळवते, आणि ती असलेल्या पाठातून मुख्य गोष्ट कमी आठवते असं दिसून आलं आहे. विजा कशा निर्माण होतात हे शिकवताना वीज पडून फाटलेल्या टोपीचा फोटो थरारक असतो, पण ढगातल्या विद्युतभाराबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय नवख्याला जी सविस्तर नावं असलेली आकृती आधार देते, तीच जाणकाराला अडथळा ठरू शकते, कारण माहीत असलेलं पुन्हा वाचून बाजूला सारण्यात त्याची शक्ती जाते. म्हणून अभ्यास पुढे गेला की तुमच्या आकृत्यांवरचे शब्द कमी होत गेले पाहिजेत.

हे सगळं प्रत्यक्ष अभ्यासात कसं आणायचं? स्वतः काढा. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात जेफ्री वॅम्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही शब्दांची चित्रं काढायला सांगितली आणि काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायला. वेळ सारखाच. चित्रं काढलेले शब्द कितीतरी जास्त आठवले, आणि प्रत्येक शब्दाला फक्त चार सेकंद दिले तेव्हाही फरक टिकला. चित्रकला बरी की वाईट यावर तो अवलंबून नव्हता. काढताना अर्थाचा विचार करावा लागतो, हात चालतो आणि नजर स्वतःच्याच रेषेवर असते. हे तिन्ही एकदम घडतं.

पण पुस्तक समोर उघडं ठेवून आकृती उतरवून काढू नका. त्यात डोळा आणि हात काम करतात, अर्थ बाजूला राहतो. आधी परिच्छेद वाचा, आकृतीवर बोट फिरवत स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगा. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढा, नावं लिहा, बाणांना क्रियापदं द्या. जिथे अडाल तिथे मोकळी जागा सोडा आणि पुढे जा. शेवटी पुस्तक उघडून वेगळ्या रंगाने भरा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की पाचच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने घेतली तर आठवून पाहणारे. तुमचं ‘दोन दिवसांत उडून जातं’ याचं मोठं कारण बहुधा हेच आहे. शब्दांना दोष देऊ नका, तुम्ही ते वाचता पण आठवून पाहत नाही.

उलट दिशेनेही करा. नुसती, नावं नसलेली आकृती घ्या आणि तिच्यावर पाच-सहा वाक्यांचा परिच्छेद लिहा. शब्दांकडून चित्राकडे जाणं बऱ्याच जणांना जमतं. चित्राकडून शब्दांकडे येताना खरी तपासणी होते.

अमूर्त विषयांचं काय, असं तुम्ही विचाराल. ‘न्याय’ म्हणून तराजू काढून काही हाती लागत नाही, ते केवळ चिन्ह आहे. अशा वेळी वस्तूऐवजी नातं काढा: कोण कोणावर अवलंबून, काय वाढलं की काय घटतं, कोणत्या गटात कोण बसतं. मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा, वंशवृक्ष, कालरेषा ही सगळी दिसू न शकणाऱ्या गोष्टींना दिलेली जागा आहे. किंवा एक ठोस प्रसंग घ्या आणि अमूर्त शब्द त्याला जोडा. कालरेषेचा मला इतिहास शिकणाऱ्यांसाठी विशेष आग्रह आहे, कारण सनावळ्या सुट्या पाठ केल्या की दोन घटनांमधलं अंतर कधीच जाणवत नाही.

काही जणांना मनात प्रतिमा उभ्याच राहत नाहीत. डोळे मिटले की अंधार. अ‍ॅडम झेमन यांनी २०१५ मध्ये या स्थितीला ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं. अशी माणसं शिकत नाहीत असं मुळीच नाही, त्यांच्यात शास्त्रज्ञ आहेत, चित्रकारही आहेत. तुम्ही त्यांपैकी असाल तर ‘मनात कल्पना करा’ या सल्ल्याने खट्टू होऊ नका. कागदावरचं चित्र तुमच्यासाठीही तेवढंच काम करतं, फक्त ते कागदावर असावं लागतं.

सुरुवात तुम्हाला पक्की येते असं वाटणाऱ्या आकृतीपासून करा, अवघडपासून नको. ती पुस्तक न बघता काढा आणि तिला ‘यातला एक भाग बंद पडला तर?’ हा प्रश्न विचारा. उत्तर बोटाने आणि शब्दांनी दोन्हीकडे पुढे सरकलं, तर त्या आकृतीचं काम झालं. नाही सरकलं, तर जिथे थांबलं तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचा, आणि तीन-चार दिवसांनी तीच आकृती नव्या कागदावर काढा.